कपाट टिकते ते कडेवर



सागवानाच्या मुलखात वसतिगृहाची कपाटे बोर्डाची का करता, असे आपल्यापैकी काही जण विचारतात. आलापल्लीचे सागवान नामांकित आहेच. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी बल्लारपूरच्या आगारातून सागवान रवाना झाले. पण जंगलाला लागून राहणाऱ्या कुटुंबाला ते विकत घेणे परवडत नाही, आपल्या वसतिगृहालाही नाही. शिवाय सुतारकाम शिकणाऱ्या आमच्या मुलांना पुढे चंद्रपूर-नागपूरच्या फर्निचरच्या कामात प्री-लॅम बोर्डच हाताळावा लागतो.

हा बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा राळेत दाबून केलेली फळी. वर-खाली मेलामाइनचा कागद बसवलेला असतो, त्यावर पाणी सहज मुरत नाही. मात्र कापलेली कड उघडी राहते. तिथून ओल शिरली की चुरा फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून कडेला पीव्हीसीची पट्टी लावतात. एकदा घाईत मीच मुलांना म्हणालो, "मागची-खालची कड कोण बघणार? राहू द्या." पहिल्याच पावसाळ्यात खालचा कप्पा फुगला, दार लागेना. चूक माझी होती, पण मुलांच्या कामाला नाव ठेवले गेले.

१८ मिमी बोर्डाला साधारण २२ मिमी रुंद पट्टी घेतात, म्हणजे दोन्ही बाजूंना थोडी जास्त राहते. ती काढणे हेच कौशल्याचे काम.

पट्टी पक्की चिकटेपर्यंत थांबावे. सोल्यूशन ओले असताना छाटली तर पट्टी सरकते. आधी दोन्ही टोके कापावीत, मग लांब बाजू. मशीन असेल तर ट्रिमरचे बेअरिंग आधी पुसून घ्यावे. त्यावर चिकटलेले सोल्यूशन बोर्डावर रेघ ओढत जाते. मशीन नसेल तर धारदार पटाशी सपाट धरून थोडे थोडे काढावे. एका झटक्यात काढू गेल्यास पटाशी बोर्डात रुतते.

शेवटी बारीक दातांची कानस घ्यावी. ती किंचित तिरपी धरून पट्टीकडून बोर्डाकडे, पुढे ढकलतानाच चालवावी. मागे ओढताना उचलावी, नाहीतर पट्टी सुटते. बोर्डाच्या पृष्ठभागावर आधी कागदी टेप लावली तर हात घसरला तरी निभावते.

मॅट बोर्ड इथेच परीक्षा घेतो. सागवानावर ओरखडा पडला तर पॉलिश पेपर मारून, पुन्हा पॉलिश करून तो झाकता येतो. मॅट मेलामाइनवर पॉलिश पेपर लागला की तेवढीच जागा चकाकते, आणि ती चकाकी कशानेच जात नाही. म्हणून पेपर फक्त पट्टीच्या धारेवर, अलगद फिरवावा.

उरलेले सोल्यूशन बोटाने चोळले तर गोळ्या होऊन निघते. थिनर वापरू नये, पट्टी मऊ पडते. राहिलेला डाग टर्पेंटाइनच्या ओलसर फडक्याने पुसावा, पण आधी आतल्या कोपऱ्यावर करून पाहावे. छाटलेली धार पांढुरकी दिसली तर गरम हवेचा हलका झोत फिरवावा, रंग बराचसा परत येतो. झोत एका जागी थांबू देऊ नये, खालचे सोल्यूशन सैल होते.

आता आमच्याकडे मुले काम झाल्यावर डोळे मिटून कडेवरून अंगठ्याचे नख फिरवतात. नख कुठेही अडकले नाही, तरच कपाट बाहेर जाते. मागची आणि खालची कडही तपासली जाते. एटापल्ली तालुक्यातला एक मुलगा परवा नव्या पोरांना बजावत होता, "पाणी मागूनच येते रे."

आपण कधी भेटीला आलात तर त्या कपाटांवरून नख जरूर फिरवून पाहा. कुठे अडकले तर मुलांना मोकळेपणाने सांगा. त्यांना ते हवे आहे.