होकायंत्राविना दिशाशोधन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नकाशाच्या आधारे अनोळखी भूभागातून वाट काढत, ठरवून दिलेली ठिकाणे क्रमाने शोधत पायी जाण्याच्या क्रीडाप्रकाराला ओरिएंटिअरिंग असे म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडन आणि नॉर्वे येथील सैनिकी सरावातून त्याचा उगम झाला, सर्वांसाठी खुली असलेली पहिली स्पर्धा १८९७ मध्ये नॉर्वेत झाली आणि १९६१ मध्ये या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. होकायंत्राविना दिशा ओळखण्याचे जे नियम आज सर्वत्र सांगितले जातात, त्यांतील बरेचसे अशाच उत्तरेकडील थंड प्रदेशांत रूढ झालेले असल्यामुळे, १८.५ अंश उत्तर अक्षांशाजवळ वसलेल्या पुण्यात ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पुण्याच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या धायरीचा परिसर हे नियम पारखण्यास विशेष अनुकूल आहे, कारण येथून नैर्ऋत्येला सुमारे दहा किलोमीटरवर सिंहगड, दक्षिणेला कात्रजपासून सिंहगडापर्यंत जाणारी डोंगररांग, पश्चिमेला खडकवासल्याचा जलाशय आणि उत्तरेला मुठा नदी व मुठा उजवा कालवा अशा वेगवेगळ्या बाजूंच्या ठळक खुणा उपलब्ध आहेत.

गैरसमज : होकायंत्र नसेल तर नकाशा निरुपयोगी ठरतो.

वस्तुस्थिती : होकायंत्र उत्तर दिशा दाखवते, मात्र माणूस नेमका कोठे उभा आहे हे ते सांगत नाही, आणि ते ठरवण्याचे मुख्य साधन नकाशाच असते. नकाशातील खुणा व प्रत्यक्षातील खुणा एकाच दिशेला येतील अशा रीतीने नकाशा फिरवून धरणे, म्हणजेच नकाशा जुळवणे, हे होकायंत्राशिवायही करता येते. धायरीतील धारेश्वराच्या टेकडीसारखे नकाशावर ओळखता येणारे ठिकाण गाठल्यावर, नकाशावरील त्या ठिकाणापासून सिंहगडापर्यंतची रेषा समोर दिसणाऱ्या गडाच्या दिशेने वळवली आणि खडकवासल्याचा जलाशय नकाशातही त्याच बाजूला येतो हे पडताळले, की उत्तर आपोआप निश्चित होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर, आणि समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा जेथे दाटीने येतात तेथे चढ तीव्र असतो; एवढे वाचता आले तरी समोरची सोंड कोणती आणि खिंड कोणती हे ओळखता येते. शिवाय दख्खनच्या बेसॉल्ट खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असल्यामुळे काही खडकांच्या अगदी जवळ होकायंत्राची सुईही विचलित होऊ शकते, म्हणून होकायंत्र जवळ असणाऱ्यानेही भूरूपांशी पडताळा घेणे इष्ट असते.

गैरसमज : सूर्य नेमका पूर्वेला उगवतो आणि दुपारी बारा वाजता सावली उत्तरेला पडते.

वस्तुस्थिती : सूर्य नेमका पूर्वेला केवळ मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास उगवतो. पुण्याच्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे, तर डिसेंबरच्या अखेरीस तितकाच दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे ऋतू लक्षात न घेता उगवतीला पूर्व मानणारा माणूस दर किलोमीटरमागे चारशे मीटरहून अधिक बाजूला जाऊ शकतो. दुपारच्या सावलीबाबतची चूक याहून मोठी आहे. पुणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे १३ मेच्या आणि ३० जुलैच्या सुमारास सूर्य थेट माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असल्याने सावली दक्षिणेला पडते. त्यातच भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली असल्याने पुण्यातील खरी मध्यान्ह घड्याळातील बाराला न होता ऋतूनुसार साधारण १२.१८ ते १२.४९ या दरम्यान होते.

या सर्व अडचणींतून वाट काढणारी रीत कात्यायन शुल्बसूत्रात वर्णिलेली आहे. सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, रोवून तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढावे, सकाळी व दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करते ते दोन बिंदू जोडावेत; ती रेषा पूर्व-पश्चिम असते आणि सकाळचा बिंदू पश्चिमेचा असतो. या रीतीस घड्याळ लागत नाही आणि ती वर्षभर उपयोगी पडते, मात्र तिच्यासाठी काही तासांचा अवधी द्यावा लागतो.

गैरसमज : मनगटी घड्याळ हे हमखास होकायंत्र आहे.

वस्तुस्थिती : तासकाटा सूर्याकडे धरून, तो आणि बाराचा आकडा यांच्यातील कोन दुभागला असता दक्षिण मिळते, हा नियम सूर्य वर्षभर दक्षिण आकाशातून जातो अशा उंच अक्षांशांसाठी आहे. पुण्यात २१ डिसेंबरला सकाळी दहा वाजता त्याने सुमारे १३ अंशांची चूक होते, जी स्थूल अंदाजासाठी चालण्यासारखी आहे. २१ जूनला त्याच वेळी मात्र चूक सुमारे ७५ अंशांची होते, म्हणजे दक्षिण समजून निघालेला माणूस प्रत्यक्षात जवळजवळ पूर्वेला चालू लागतो. म्हणून ही रीत येथे हिवाळ्यापुरतीच, तीही अन्य खुणांच्या जोडीने वापरावी.

गैरसमज : ध्रुव हा सर्वांत तेजस्वी तारा असल्याने रात्री उत्तर सहज सापडते.

वस्तुस्थिती : रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा व्याध असून ध्रुव दुसऱ्या प्रतीचा, मध्यम तेजाचा तारा आहे. त्याची क्षितिजापासूनची उंची स्थळाच्या अक्षांशाइतकी असते, त्यामुळे पुण्यात तो जेमतेम साडेअठरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींच्या उंचीवर दिसतो. धायरीच्या उत्तरेला सारे शहर पसरलेले असल्याने तो नेमका शहराच्या उजेडात बुडतो. सप्तर्षींतील पुलह व क्रतू यांना जोडणारी रेषा क्रतूच्या पुढे वाढवून, अथवा सप्तर्षी मावळलेले असताना शर्मिष्ठेच्या साहाय्याने, तो शोधावा लागतो. हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्रातील बाणाचे तीन तारे पूर्वेच्या अगदी जवळ उगवतात व पश्चिमेच्या अगदी जवळ मावळतात, हा पर्याय नवशिक्याला अधिक सोपा आहे. कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक करणाऱ्यांना तर पुण्याचे दिवे उजव्या हाताला आणि गडावरील मनोऱ्याचा दिवा पुढे असणे, हीच सर्वांत विश्वसनीय खूण ठरते.

गैरसमज : शेवाळ उत्तर दाखवते आणि ओढा गावापर्यंत पोहोचवतो.

वस्तुस्थिती : शेवाळ ओलावा आणि सावली असेल तेथे वाढते, आणि सह्याद्रीत पावसाळ्यात ते खोडाच्या व खडकाच्या कोणत्याही बाजूला आढळते. ओढ्याबाबतचा समज तर जीवघेणा ठरू शकतो. बेसॉल्टच्या थरांनी बनलेल्या सह्याद्रीत पायऱ्यांसारखे टप्पे असल्यामुळे ओढा अनेकदा घळीत शिरून अचानक कड्यावरून कोसळतो. वाट चुकल्यास खाली धावण्याऐवजी सोंडेवर किंवा पठारावर परतावे, दिसणाऱ्या खुणांवरून आपले स्थान ठरवावे आणि ज्या ठिकाणाची शेवटची खात्री होती तेथपर्यंत मागे यावे, हे अधिक सुरक्षित असते.

गैरसमज : सवय असलेला माणूस नुसत्या अंदाजाने सरळ चालू शकतो.

वस्तुस्थिती : जर्मनीतील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जंगलात व वाळवंटात माणसांना सरळ चालण्यास सांगितले असता, सूर्य वा चंद्र दिसत नसताना ती नकळत वर्तुळात फिरू लागल्याचे आढळले. पावसाळ्यात आकाश दिवसेंदिवस झाकलेले असते, आणि म्हणूनच त्या काळात लांबट खुणांचे, म्हणजे नदी किंवा रस्ता यांसारख्या दूरवर पसरलेल्या खुणांचे, महत्त्व वाढते. धायरीच्या दक्षिणेकडील टेकड्यांवरून उत्तरेकडे उतरणारा माणूस थोडासा डावी-उजवीकडे सरकला तरी कालवा, सिंहगड रस्ता किंवा नदी यांपैकी काही ना काही त्याला आडवे येतेच. गजबजलेल्या वस्तीत डोंगर दिसेनासे झाले, तर गच्च्यांवरील दूरचित्रवाणीच्या छत्र्यांचा आधार घेता येतो, मात्र त्या सरळ दक्षिणेकडे रोखलेल्या असतात हे म्हणणे चुकीचे आहे. घरोघरच्या दूरचित्रवाणी सेवांचे उपग्रह विषुववृत्तावर, परंतु पुण्याच्या रेखांशाच्या पूर्वेला असल्याने, येथील छत्र्यांचा रोख दक्षिण व पूर्व यांच्या मध्ये असतो.

यावरून सरावाचा क्रम स्पष्ट होतो. आधी नकाशा भूरूपांशी जुळवावा, मग लांबट खुणा निवडून त्यांच्या आधाराने टप्पे पाडावेत, शंभर मीटरला आपली किती पावले पडतात हे मोजून अंतराचा हिशेब ठेवावा आणि सूर्य-ताऱ्यांकडे पडताळ्याचे साधन म्हणून पाहावे. प्रत्येक टप्प्यावर केलेला अंदाज सोबतच्या होकायंत्राशी किंवा भ्रमणध्वनीवरील स्थानाशी ताडून पाहिल्यास, कोणती खूण कोणत्या ऋतूत किती विश्वासार्ह आहे याचे स्वतःच्या परिसरापुरते पक्के ज्ञान तयार होते, आणि असे ज्ञान कोणत्याही आयत्या नियमापेक्षा अधिक उपयोगी पडते.