अंगठा उठवण्याआधी थांबा

कारखान्यात यंत्रात बोटं गेली की ‘तुझीच चूक’ म्हणत हजार-दोन हजार हातावर ठेवतात नि कागदावर अंगठा घेतात. आपण घाबरून गप्प बसतो. पण कायदा सांगतो, कामावर कामामुळे इजा होऊन तीन दिवसांपेक्षा जास्त काम बुडालं, तर भरपाई मालकाने द्यायची. बाई ठेकेदाराकडची असली तरी मूळ मालक सुटत नाही. हक्क सोडल्याचा कागद कायद्यापुढे टिकत नाही.

ईएसआय कार्ड असेल तर भरपाई तिथून मिळते. नसेल तर दवाखान्याचे कागद, हजेरीचा पुरावा घेऊन तालुक्याच्या विधी सेवा समितीत जाऊ. बायकांना तिथे वकील मोफत मिळतो. एकटीला नको, गटाने मिळून जाऊ.