शेजाऱ्याचा राउटर आणि आपला व्हिडिओ कॉल

रियाध, जेद्दाह किंवा दम्माममधल्या एखाद्या मोठ्या इमारतीत राहत असाल, तर हे तुमच्या ओळखीचं असेल. दुपारी इंटरनेट नीट चालतं, पण संध्याकाळी रत्नागिरीला आईशी बोलायला बसलं की चित्र थिजतं. मग आपण महागडा प्लॅन घेतो. पुष्कळदा दोष प्लॅनचा नसतो, हवेतल्या गर्दीचा असतो.

मोबाईलवर वायफायची यादी उघडा. शेजाऱ्यांची कितीतरी नावं दिसतील. ही सगळी मंडळी एकच हवा वापरतात. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात लगतच्या दोन चॅनेलमध्ये 5 मेगाहर्ट्‌झचंच अंतर असतं आणि राउटरला जागा लागते सुमारे 20. म्हणून 1, 6 आणि 11 हे तीन चॅनेल एकमेकांच्या आड येत नाहीत. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळीपाळीनं बोलतात. तुम्ही मधलाच 3 निवडलात, तर 1 आणि 6 दोघांनाही तुमचा नुसता गोंगाट होतो, आणि तुम्हाला त्यांचा.

मग राउटरची ताकद वाढवावी का? लग्नाच्या मांडवात सगळेच ओरडून बोलू लागले, तर कोणालाच काही ऐकू येत नाही. 2024 च्या हजला 18 लाखांहून अधिक यात्रेकरू होते. एवढ्या गर्दीत एकच दणकट टॉवर पुरत नाही. कमी ताकदीचे, जवळजवळचे अँटेना लागतात. प्रत्येकानं आपला छोटा भाग सांभाळला, की तीच फ्रिक्वेन्सी थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येते.

घरी हेच करा. राउटर कोपऱ्यात न ठेवता घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. टीव्हीला केबल जोडा, तेवढीच हवा मोकळी होते. कॉलसाठी 5 गिगाहर्ट्‌झ वापरा. तो भिंतीतून कमी जातो, म्हणूनच शेजाऱ्याचाही तुमच्याकडे कमी येतो. 2.4 वापरावाच लागला, तर 1, 6, 11 पैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडा. नवा राउटर घेणार असाल, तर 6 गिगाहर्ट्‌झची सोय आहे का ते विचारा. सौदीच्या दूरसंचार नियामकानं 2021 मध्ये हा पट्टा वायफायसाठी खुला करायचं ठरवलं. फोनमध्येही ती सोय लागते.

आधी हे करून बघा. प्लॅनचं नंतर ठरवा. भेटू पुढच्या भागात.