दूरचित्रवाणी संचाची व्यावसायिक चित्रजुळवणी : खर्च कोणाला उपयुक्त, कोणाला अनावश्यक

झाशी : नवा दूरचित्रवाणी संच घरी आला की दुकानात पाहिलेले झगझगीत चित्र घरातल्या भिंतीवर तसे दिसत नाही, अशी तक्रार पुष्कळ ग्राहक करतात. झाशीच्या सीपरी बाजारातील विद्युत उपकरणांच्या दुकानांत असो वा पुणे-नागपूरच्या दालनांत, ओळीने मांडलेल्या संचांवर प्रखर दिव्यांच्या उजेडातही डोळ्यांत भरेल असे चित्र लावलेले असते. घरातील उजेड त्याहून कितीतरी मंद असतो. अशा वेळी तज्ज्ञ बोलावून संचाचे ‘कॅलिब्रेशन’, म्हणजे उपकरणाने मोजून केलेली चित्रजुळवणी, करून घ्यावी का, असा प्रश्न पडतो. मध्यम किमतीच्या संचाला बहुधा तिची गरज नसते. महागडा संच किंवा प्रोजेक्टर अंधाऱ्या खोलीत, मुख्यतः चित्रपटांसाठी वापरणाऱ्याला मात्र ती उपयोगी पडू शकते. दोन्ही प्रकारच्या ग्राहकांनी पैसे खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काही बदल करून पाहणे हिताचे आहे.

जुळवणी कशाशी करायची?

चित्र ‘चांगले’ दिसणे ही आवडीची बाब आहे. ते ‘अचूक’ असणे ही मोजता येणारी गोष्ट आहे. चित्रपट किंवा मालिका तयार करताना रंगांवर अखेरचा हात फिरवणारा तंत्रज्ञ प्रमाणित पडद्यासमोर बसून काम करतो. त्या पडद्यावरील पांढरा रंग ‘डी-६५’ या मानकाप्रमाणे सुमारे ६५०० केल्विनचा असतो. उच्च स्पष्टतेच्या प्रक्षेपणासाठी रंगांची व्याप्ती ‘रेक ७०९’ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेली असते आणि साध्या चित्राची कमाल उजळता सुमारे १०० निट धरली जाते. घरचा संच या मानकांच्या जितका जवळ नेता येईल, तितके दिग्दर्शकाला अभिप्रेत असलेले चित्र प्रेक्षकापर्यंत पोहोचते.

ही कल्पना भारतीय प्रेक्षकाला अगदीच अपरिचित नाही. दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले. त्या काळी कार्यक्रमांपूर्वी पडद्यावर दिसणारे रंगीत उभे पट्टे शोभेसाठी नव्हते. संकेतातील रंग व उजळता तपासण्याचे ते साधन होते. आजचे तज्ज्ञ वापरतात त्या चाचणी-आकृत्या त्याच कुळातील आहेत.

तज्ज्ञ नेमके काय करतो?

तज्ज्ञ पडद्यासमोर रंगमापक बसवतो आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटा टप्प्याटप्प्याने दाखवून प्रत्येक छटेतील लाल, हिरव्या व निळ्या रंगाचे प्रमाण मोजतो. निळा अधिक असेल तर तो कमी केला जातो, हिरवट झाक असेल तर ती काढली जाते. त्यानंतर अंधाऱ्या भागापासून उजळ भागापर्यंतची चढण, म्हणजे ‘गॅमा’, आणि शेवटी मूळ रंग तपासले जातात. अपेक्षित व प्रत्यक्ष रंगांतील अंतर ‘डेल्टा-ई’ या आकड्यात सांगतात. हा आकडा ३ च्या खाली आला, तर सामान्य प्रेक्षकाला फरक जवळजवळ जाणवत नाही. साध्या चित्रासाठी, एचडीआरसाठी आणि डॉल्बी व्हिजनसाठी मांडणी वेगवेगळी असल्याने हे काम काही तास चालते.

दुसऱ्याच्या संचावरील आकडे जसेच्या तसे उतरवून हे साधत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच नमुन्याच्या दोन संचांच्या पटलांतही थोडा फरक असतो. चित्रपद्धती, तीक्ष्णता यांसारखी साधी मांडणी उसनी घेता येते. पांढऱ्या रंगाचे सूक्ष्म आकडे मात्र त्या-त्या संचावरच मोजावे लागतात.

फुकट होणारे काम

कारखान्यातून आलेल्या संचातील सर्वांत मोठा दोष बहुधा चुकीच्या चित्रपद्धतीत असतो. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ पद्धतीत पांढरा रंग निळसर होतो, त्वचेचा रंग भडक दिसतो आणि मागचा प्रकाश पूर्ण क्षमतेने चालत असल्याने वीजही जास्त लागते. त्याऐवजी ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ पद्धत निवडली की चित्र मानकाच्या पुष्कळ जवळ येते. यूएचडी अलायन्स या संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केलेली ‘फिल्ममेकर’ पद्धत याच हेतूने आखलेली आहे.

पुढचा बदल रंगछटेचा. ‘कूल’ऐवजी ‘वॉर्म’ निवडावे. पहिले दोन-तीन दिवस चित्र पिवळट वाटते, परंतु डोळे सरावले की आधीचेच चित्र निळे होते हे लक्षात येते. ‘शार्पनेस’ शून्याजवळ आणावी, कारण ती वाढवल्याने तपशील वाढत नाही, केवळ कडांभोवती पांढरी रेघ उमटते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. मधल्या कृत्रिम चौकटी तयार करणारी ‘मोशन’ सुविधा चालू असेल तर तो मालिकेसारखा सपाट दिसतो. अभिनेता टॉम क्रूझ याने २०१८ मध्ये ध्वनिचित्रफीत प्रसृत करून ही सुविधा बंद ठेवण्याचे आवाहन प्रेक्षकांना केले होते. क्रिकेटच्या सामन्यासाठी ती थोड्या प्रमाणात ठेवण्यास हरकत नाही.

काळ्या रंगाची पातळी तपासण्यासाठी इंटरनेटवर विनामूल्य चाचणी-आकृत्या मिळतात. काळ्याहून किंचित उजळ पट्टी जेमतेम दिसावी आणि खुद्द काळा भाग करडा होऊ नये, एवढे पाहिले तरी पुरते. दिवसा खिडकीतून ऊन येत असताना एक पद्धत आणि रात्रीच्या चित्रपटासाठी दुसरी, अशी सोय करून ठेवावी. एक पडदा ओढल्याने होणारा फायदा कधी कधी महागड्या जुळवणीहून अधिक असतो.

खोलीतील उजेड व संचाची मांडणी किती निर्णायक ठरते, याचे उदाहरण २०१९ मध्ये जगाने पाहिले. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतील रात्रीच्या युद्धाचा भाग अनेकांना इतका काळोखा दिसला की प्रेक्षकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. छायाचित्रणकार फेबियन वॅगनर यांनी त्यावर प्रेक्षकांच्या संचांच्या सदोष मांडणीकडे बोट दाखवले होते. भारतीय प्रेक्षकाने हाच प्रयोग ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटावर करून पाहावा. त्यातील पावसाळी करडेपणा आणि दिव्याच्या उजेडातील वाडा ‘व्हिव्हिड’ पद्धतीत आपला भाव गमावतो.

पैसे कोठे वाया जातात?

जुळवणीमुळे संचाच्या मूळ मर्यादा हटत नाहीत. एचडीआर चित्रपटांची रंगसिद्धी अनेकदा १००० निट वा त्याहून अधिक उजळतेच्या पडद्यावर होते. स्वस्त संचाच्या खोक्यावर एचडीआरची खूण असली तरी त्याचे पटल एवढे उजळ होऊ शकत नाही, आणि मागच्या प्रकाशाचे स्वतंत्र विभाग नसल्याने काळा रंगही गडद होत नाही. तीच गोष्ट संकेताची. झाशीत राहणारे मराठी कुटुंब डीडी फ्री डिशवर सह्याद्री वाहिनी पाहत असेल, तर दाबून पाठवलेल्या चित्रातील अस्पष्टता कोणताही रंगमापक दूर करू शकणार नाही.

खर्चाचा विचार संचाच्या किमतीशी ताडून करावा. अशी सेवा देणारे तज्ज्ञ प्रामुख्याने महानगरांत काम करतात. लहान शहरात त्यांच्या शुल्कात प्रवासखर्चाची भर पडते. ३० हजार रुपयांच्या संचावर ती रक्कम घालवण्यापेक्षा खरेदीच्या वेळीच एक पायरी वरचे पटल किंवा बरा ध्वनिवर्धक घेणे शहाणपणाचे. दोन लाखांच्या ओएलईडी संचाच्या बाबतीत हिशेब बदलतो, कारण तेथे सूक्ष्म फरक दाखवण्याची पटलाची क्षमता असते. प्रोजेक्टरला तर जुळवणीचा लाभ अधिक होतो, कारण दिवा जुना होत जातो तशी त्याची उजळता व छटा बदलते आणि पडद्याचा रंगही चित्रावर परिणाम करतो.

सेवा घ्यायचीच ठरली, तर संच सुमारे १०० तास वापरून झाल्यावर घ्यावी. जुळवणीपूर्वीच्या व नंतरच्या मोजणीचा लेखी अहवाल मागावा, कोणत्या पद्धती जुळवल्या जाणार हे आधी ठरवावे आणि तंत्रज्ञ संचाचा अंतर्गत सेवा-मेनू उघडणार असेल, तर हमीवर परिणाम होतो का याची कंपनीकडे चौकशी करावी. संच भिंतीवर बसवणाऱ्या कर्मचाऱ्याने रिमोटने दोन-चार बदल केले म्हणजे जुळवणी झाली, असे समजू नये. मापकाशिवाय केलेला बदल हा अंदाज असतो.

खरेदीपूर्वीची एक तपासणी मात्र प्रत्येकाला विनाशुल्क करता येते. दुकानात चालू असलेली जाहिरातवजा चित्रफीत बंद करून एखादी नेहमीची वाहिनी लावण्यास सांगावे, संच ‘सिनेमा’ पद्धतीवर न्यावा आणि निवेदकाच्या चेहऱ्याचा रंग पाहावा. माणसाच्या त्वचेचा रंग डोळ्यांच्या ओळखीचा असतो. तो जेथे स्वाभाविक दिसतो, त्या संचाला पुढे व्यावसायिक जुळवणीची निकड भासण्याची शक्यता कमी असते.