इंजेक्शनचा ट्यूनर : आधी हिशेब, मग पाना

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. स्क्रू फिरवून पेट्रोल कमी-जास्त करण्याचे मिस्त्रीचे काम आता ईसीयू नावाचा छोटा संगणक करतो. आम्ही कापडाचे व्यापारी. पण आमचे गठ्ठे याच गाड्यांवर फिरतात. म्हणून बाजारात मिळणाऱ्या ट्यूनरविषयी व्यापारी व कारागीर बंधूंना चार गोष्टी सांगणे आम्हाला जरुरीचे वाटते.

पहिला प्रश्न गरजेचा. 1 ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. मूळ सायलेन्सर व फिल्टर असताना ईसीयू हे प्रमाण सांभाळतो. मोकळा सायलेन्सर व फिल्टर बसवला की हवा जास्त शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, ॲक्सिलरेटर सोडताच फटफट आवाज येतो. अशा गाडीला ट्यूनर उपयोगी. तो इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो, म्हणजे पेट्रोल जास्त जाते. तेव्हा ॲव्हरेज वाढेल या आशेने तो घेणे हा तोट्याचा सौदा आहे.

बसवायचाच असेल तर इंजिन थंड होऊ द्या, काम मोकळ्या हवेत करा, विडी-काडी दूर ठेवा. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. टाकी उतरवावी लागली तर पेट्रोलच्या नळीत दाब असतो. फडके धरूनच ती सोडवा. इंजेक्टरचा कपलर लॉक दाबून काढा, तार ओढू नका. ट्यूनरचे एक टोक इंजेक्टरला, दुसरे मूळ वायरिंगला जोडा. ऑक्सिजन सेन्सरची जोडणी दिली असेल तर तीही करा. नाहीतर संथ चालीत ईसीयू वाढवलेले पेट्रोल पुन्हा कमी करतो. अर्थची तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. तारा सायलेन्सरपासून दूर बांधा. कपलर जुळत नसेल तर तार कापू नका. किट दुसऱ्या मॉडेलचे आहे असे समजा.

बॅटरी जोडून चावी फिरवा. पंपाचा आवाज येईल. कुठे पेट्रोल पाझरते का, इंजिनचा दिवा जळत राहतो का, हे पाहूनच गाडी सुरू करा. सेटिंग किटच्या तक्त्याप्रमाणे ठेवा. मिश्रण फार दाट झाले तर प्लग काळा पडतो आणि पीयूसीत गाडी अडते.

वॉरंटीतील गाडीला हात लावण्यापूर्वी तिचे कागद वाचा. अशा बदलानंतर कंपनी दावा नाकारू शकते. ज्याची रोजी गाडीवर आहे, त्याने मूळ सायलेन्सर व फिल्टर कायम ठेवावेत, हेच आम्हाला शहाणपणाचे वाटते. गॅरेजवाल्या बंधूंनी मात्र कपलर, सेन्सर आणि मिश्रणाचा हिशेब आजच शिकून घ्यावा. पुढची मजुरी त्यातच आहे.