आयनांचा मारा आणि नॅनोतारा

मुंबईच्या अगदी दक्षिण टोकाला गेलं, की कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रासोबत उभारलेला हा आयन-त्वरक १९८८च्या अखेरीस सुरू झाला. क्षमता १ कोटी ४० लाख व्होल्टची.

त्वरकातून निघणारा आयनांचा झोत नॅनोतारांना दोनदा घडवू शकतो, हे मला फार विलक्षण वाटतं. आधी वेगवान जड आयन प्लास्टिकच्या पातळ पटलातून आरपार जातात. त्यांच्या वाटा रसायनाने कोरल्या की सूक्ष्म नळ्या होतात. त्यांत विजेच्या साहाय्याने तांबं भरायचं. पटल विरघळवलं की केसाहून शेकडो पट बारीक तारा हाती येतात.

मग त्याच तारांवर पुन्हा मारा. कमी ऊर्जेचा आयन अणूला थेट धडकून जागेवरून उडवतो. मागे पोकळी उरते, उडालेला अणू दुसरीकडे घुसतो. जाड धातूत असे दोष आतच साठतात. नॅनोतारेत पृष्ठभाग इतका जवळ, की बरेच दोष तिथे पोहोचून विरतात. मारा वाढला, तर मात्र पृष्ठभागाचे अणू झडतात, तार वाकते, कधी तुटून तिचे मणी होतात.