परड्यातला माठ, पुडीतला राजगिरा

महाडहून भोरकडे जाणारा रस्ता वरंधच्या पुढे घाट चढू लागतो. महाड आणि पोलादपूरच्या या डोंगरपट्ट्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. खाचरात भात, वरकस उतारावर नाचणी आणि वरी, तर घरामागच्या परड्यात पडवळ-काकडीच्या मांडवालगत माठ. सातबाऱ्यावर भात चढतो, नाचणी चढते. माठाची नोंद कोण करणार? त्याचा पसारा जेमतेम एकदोन वाफ्यांचा.

माठाचे बी खसखशीएवढे बारीक. तसेच फेकले तर एका जागी दाट पडते, म्हणून बारीक वाळूत किंवा राखेत मिसळून पेरतात आणि वर नावापुरती माती ओढतात. खोल गेलेले बी उगवत नाही. तीन-चार आठवड्यांत दाटी झाली की विरळणी करायची आणि उपटलेली कोवळी रोपे थेट कढईत टाकायची. लसूण, मिरची, वरून ओले खोबरे. लाल माठ असेल तर भाकरीही रंगते. बिटाला लाली देणाऱ्या गटातलेच रंगद्रव्य त्याच्या पानांत असते.

राखलेली रोपे मात्र गणपतीपर्यंत वाढू द्यायची. देठाचा माठ पुरुषभर उंच होतो, बुंधा अंगठ्याहून जाड. सोलताना सालीबरोबर दोरे ओढून काढायचे, बोटभर तुकडे करायचे आणि भिजवून सोललेल्या वालांबरोबर किंवा सुकटीबरोबर शिजवायचे. आतला गर ओरपायचा, चोथा ताटाच्या कडेला. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खात नाहीत, त्यामुळे त्या दिवशीच्या भाजीत या देठांना मान असतो आणि बाजारात त्यांच्या मोळ्या दिसतात. एरवी शहरी गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही, हे त्याचेच नुकसान.

गंमत अशी की याच घरांत एकादशीला लागणारा राजगिरा दुकानातून पुडीत येतो. माठ आणि राजगिरा एकाच वंशातले. पण दाण्याच्या जाती मूळच्या अमेरिकेच्या. मेक्सिकोत ॲझ्टेक राजांना हे धान्य खंडणीत मिळत असे आणि देवाच्या मूर्तीही त्याच्या पिठाच्या करत. 1521 साली स्पॅनिशांनी ते राज्य जिंकले आणि जुन्या देवांबरोबर या पिकाचेही दिवस फिरले. तरीही लाह्या गोड पाकात थापून केलेली ‘आलेग्रिया’ तिथे आजही विकली जाते. आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीची ती सख्खी बहीण शोभावी. राजगिरा गहू-तांदळासारखा गवताच्या कुळातला नाही. त्यात ग्लुटेन नसते आणि तृणधान्यांत कमी पडणारे लायसिन भरपूर असते.

मग वरंधला राजगिरा का पिकवत नाहीत? पिकलेल्या कणसाला कोरडी हवा लागते. इथल्या श्रावणात कणीस भिजून लोळेल, दाण्याला बुरशी धरेल. रब्बीत घ्यावा, तर भात काढल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल-पावट्याचा हक्क आधीचा, आणि खरे सांगायचे तर वाल सोडून राजगिरा लावा असा सल्ला या भागात कोणी देऊ नये. देशात राजगिऱ्याचे मोठे पीक गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात निघते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘फुले कार्तिकी’ हा दाण्याचा वाण आहे. दापोलीच्या विद्यापीठाने कोकणासाठी काढलेला ‘कोकण दुरंगी’ मात्र पालेभाजीचा, आणि तेच इथल्या पावसाला धरून आहे.

माठाच्या पानांत कॅल्शियम आणि लोह असते, तसेच ऑक्झॅलेटही असते. मूतखड्याची तक्रार असलेल्यांनी पाने उकळून ते पाणी फेकून द्यावे आणि भाजी बेताने खावी.

बी घरचेच धरायचे असेल, तर पाऊस ओसरेपर्यंत दोन-चार दांडगी झाडे राखावीत, कणसे वाळवून चोळावीत आणि सुपात पाखडावीत. लाल आणि हिरवा माठ शेजारी फुलू देऊ नये. वाऱ्याने परागांची सरमिसळ होते आणि पुढच्या वर्षी वाफ्यात कुठल्या रंगाचे रोप उगवेल याचा नेम राहत नाही.